दोष बॅरलचा

४ जून, सकाळ

आजपासून रोजनिशी. रायफल बिघडली आहे आणि बिघाडाची नोंद वेळच्या वेळी ठेवणं हे सैनिकाचं काम. रिटायर झालेल्याचंसुद्धा.

काल पिंगळीहून परभणीला क्लबच्या रेंजवर गेलो. पन्नास मीटर, दहा गोळ्या. सात काळ्या गोलाच्या बाहेर, दोन कागदाच्या पार कडेला, एक सापडलीच नाही. पॉइंट टू-टू, जर्मन. फौजेतून सुटल्यावर घेतली, तेव्हापासून माझ्याजवळ. वेटरन गटाची जिल्हा ढाल हिच्या जिवावर तीनदा घरी आणली. ती उगाच अशी वागणार नाही. तिला काहीतरी झालंय.

निदान केलं. बॅरल झिजली.

बॅरलच्या आत पिळाचे आटे असतात. गोळी त्यात घट्ट बसते आणि मागून गॅस तिला ढकलतो. हजारो गोळ्यांनी आटे झिजले की गॅस बाजूनं निसटतो. ढकलायला जोर उरत नाही, वेग पडतो आणि गोळी खाली जाते. गोळ्यांच्या खोक्यावर छापलंय एक हजार सत्तर फूट सेकंदाला. माझ्या अंदाजानं साडेनऊशेसुद्धा भरत नसेल.

बसम्माला सोपं करून सांगितलं, कुकरची रिंग ढिली झाली की शिट्टी होत नाही, तसं. ती म्हणाली, मंग तुमच्या डोळ्याची रिंग बी बगा एकदा, परवा वरणात मिठाच्या जागी साखर टाकली तुमी. बायको चांगली आहे, पण शास्त्राचा विषय काढला की स्वयंपाकघरात पळते.

६ जून

ठराव. रोज सकाळी पूजेनंतर बॅरलमधून तेलाची चिंदी ओढायची. रोज अर्धा तास लेटून निशाणा धरायचा, रिकाम्या रायफलीनं. चहा एकच कप. जिल्हा स्पर्धा २८ सप्टेंबरला. तोवर वेग परत आणायचा किंवा बॅरल बदलायची. चौथी ढाल येणार. फळीवर जागा करून ठेवली, बसम्माचा लोणच्याच्या बरण्यांचा संसार खाली उतरवला.

७ जून

चहा तीन कप. पाहुणे आले होते.

१२ जून

ही डायरी फसवून विकली आहे. आज लक्षात आलं. पानाच्या मधल्या ओळी वाकड्या छापल्यात, मध्यभागी पोक आलेला. सगळी पानं तशीच. दुकानदाराकडे घेऊन गेलो. तो म्हणाला, काका सरळ हायेत की. म्हटलं, डावा डोळा मिटून बघ. त्यानं मिटून बघितलं, तरी सरळच म्हणाला. आजकालच्या पोरांना सरळ कशाला म्हणतात तेच माहीत नाही.

मी कायम डावा मिटून बघतो. फौजेत लागलेली सवय. बाजारात वांगी घेतानासुद्धा. खरं काय ते एका डोळ्यानं दिसतं, दुसरा फक्त गोंधळ घालतो. डावा तसाही मिटण्यापुरताच आहे. त्यात मोतीबिंदू आहे असं कुणीतरी म्हणालं होतं. पुढे मी विचारलं नाही.

१५ जून

सटवाजी गवंड्यानं मागच्या वर्षी देवघराची खोली बांधली. आज बघतो तर दाराची चौकट मध्येच आत गेलेली. त्याला बोलावून घेतलं. तो ओळंबा घेऊन आला, चौकटीवर लावला आणि म्हणाला, दादा, सुताभर फरक न्हाई. मी डावा मिटून बघितलं. ओळंब्याची दोरीसुद्धा मध्ये वाकलेली! खाली वजन लोंबतंय आणि दोरी वाकडी. असले ओळंबे वापरतात, म्हणून गावातली घरं अशी. तोंडावर सांगितलं. सटवाजी नुसता बसम्माकडे बघत उभा राहिला. चूक सापडली की माणूस असाच गप्प होतो.

चहा पिऊन गेला. माझा दुसरा कप त्यामुळे.

२१ जून, संध्याकाळ

रेंज. तात्याराव पूर्णेहून आले होते. रेल्वेतून रिटायर, माझे जुने दोस्त आणि वेटरन गटातले कायमचे दुसरे. होळीनंतर मोतीबिंदू काढून आले, तेव्हापासून नुसतं दिसतंय दिसतंय. चिमणी दिसली, बोर्ड दिसला, लांबून येणारी गाडी दिसली. एवढं कौतुक तर त्यांनी स्वतःच्या नातवाचं केलं नव्हतं. आज त्यांच्या आठ गोळ्या काळ्यात. डोळ्यात भिंग बसवून घेणं म्हणजे सरळ डोपिंग आहे, पण वेटरन गटात तपासणार कोण.

बॅरलचं त्यांना सांगितलं. म्हणाले, हवालदार, गोळी शिशाची, बॅरल पोलादाची. मऊ वस्तूनं कडक वस्तू कशी झिजंल? म्हटलं, आमच्या मठाची पायरी दगडाची आहे आणि माणसांचे तळवे मऊच असतात, बघा जाऊन मध्ये कशी वाटी झालीये.

माझ्या तीन काळ्यात.

२९ जून

राजेश्रीबाई क्लबच्या सेक्रेटरी. शाळेत गणित शिकवतात, नेम चांगला आहे, मला काका म्हणतात. माझा कागद हातात घेऊन बराच वेळ बघत होत्या. म्हणाल्या, काका, वेग कमी झाला तर गोळी खाली जाईल. तुमच्या तर डावीकडं, उजवीकडं, वर, समदीकडं गेल्यात. ह्याला बॅरल काय करंल?

मुद्दा बरा होता. उत्तर गाडीत सुचलं. झीज सगळीकडे सारखी नसते. एका बाजूनं जास्त झिजली की गॅस त्या बाजूनं निसटतो आणि गोळीला बाजूचा धक्का बसतो. शिवाय वारा. पुढच्या रविवारी सांगीन.

गणिताच्या लोकांना वारा कळत नाही.

३ जुलै

आज वेगळीच भानगड. सकाळची पूजा. लिंग डाव्या तळहातावर घेतलं, विभूती लावली, बेल वाहिला, समोर निरंजन. आम्हा लिंगायतांत लिंग असं डोळ्यांसमोर धरून त्याच्याकडे एकटक बघत बसायचं असतं. काळ्या लिंगात निरंजनाची ज्योत उमटते, मोहरीएवढा उजेडाचा ठिपका. त्या ठिपक्यावर नजर ठेवायची. लहानपणी वडिलांनी, अण्णांनी, शिकवलं. खरं सांगायचं तर नेमबाजी मी फौजेत नाही, तिथेच शिकलो. रिक्रूट असताना उस्ताद विचारायचा, नजर एवढी स्थिर कशी रे तुझी? मी गळ्यातली लिंगाची डबी दाखवायचो.

तर आज ठिपका नाही. लिंग फिरवून बघितलं, निरंजन जवळ घेतलं. नाहीच. वरचा काळा लेप झिजला, दुसरं काय. इतकी वर्षं रोज हात लागतोय, झिजणारच.

एकंदर या घरात सगळं एकदमच झिजायला लागलंय.

६ जुलै

मठात गेलो. स्वामीजींना लिंग दाखवलं, म्हटलं लेप नवीन करून द्या. त्यांनी उजेडात धरून बघितलं. म्हणाले, महालिंगप्पा, लेप जशाला तसा हाय. चकाकतंय की चांगलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, तब्येत बरी हाय न्हवं?

स्वामीजींचं वय झालंय. त्यांना आता बारीक दिसत नसेल.

१० जुलै

बसम्मानं बातमी आणली. तिच्या माहेरी, सोनपेठला, आठवडी बाजाराच्या दिवशी नेत्रतपासणीचा कॅम्प आहे. तिचा भाऊ राजेश्वर, किराणा दुकानदार, त्यानं आमची दोघांची नावं घातलीसुद्धा. मी म्हटलं मला काही झालेलं नाही. ती म्हणाली, न्हाई झालं तर न्हाई झालं म्हणून येऊ की परत. मी म्हटलं सराव बुडतो. ती म्हणाली, मी काय लय मागितलं का आजपर्यंत? नव्हतंच मागितलं.

अण्णांना शेवटी दिसत नव्हतं. आई हात धरून त्यांना पिंपळाच्या पारावर नेऊन बसवायची. येणारी-जाणारी माणसं आवाज बदलून विचारायची, ओळखा बरं अण्णा मी कोण? अण्णा चुकायचे आणि सगळ्यांबरोबर स्वतःही हसायचे. मी सुटीवर आलो की बघायचो. एकदा मीच समोर उभा राहिलो, काही बोललो नाही. अण्णांनी हात पुढे करून माझा चेहरा चाचपला.

तो विषय बॅरलचा नाही. इथे कशाला लिहिला कोण जाणे.

१४ जुलै

सोनपेठ मोहीम फत्ते. एसटीत जागा मिळाली, राजेश्वरच्या घरी हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर होती.

कॅम्प शाळेत. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, एक डोळा झाकून वाचायचा. रांग बाहेर व्हरांड्यापर्यंत. पुढची माणसं मोठ्यानं वाचत होती, त्यामुळे तक्ता मला आपोआप पाठ झाला. प र ग, न व म ट, खालची बारीक ओळसुद्धा. माझा नंबर आला. उजव्यानं खणखणीत वाचून दाखवला, एक अक्षर चुकलो नाही. समोरची पोरगी म्हणाली, बाबा, या वयात कमाल हाय तुमची. डाव्यात मोतीबिंदू निघाला, तो माहीतच होता. तो दिवाळीनंतर बघू म्हटलं.

यात फसवणूक काही नाही. शत्रूचा नकाशा आधीच पाठ करून जायचा असतो, याला पूर्वतयारी म्हणतात.

बसम्मा बायकांच्या रांगेतून ऐकत होती. तिला इतका आनंद झाला की राजेश्वरच्या घरी सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली. येताना गाडीत माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. बाहेर लोक बघत होते, तरी मी हललो नाही.

डोळे पास. म्हणजे आता कायद्यानंही सिद्ध झालं, दोष बॅरलचा.

२७ जुलै

आठवडाभर रोज चिंदी. दोनदा चिंदी बॅरलच्या तोंडात घालताना सळई बोटात खुपली. भोकसुद्धा जागेवर राहिलेलं नाही.

१० ऑगस्ट

राजेश्रीबाईंनी पुण्याहून क्लबसाठी वेग मोजायचं यंत्र आणलं. बॅरलच्या समोर मांडायचं, गोळी वरून गेली की आकडा दाखवतं. मी मनातून खूश. आज तुकडा पडणार. सगळ्यांना जवळ बोलावलं.

पहिली गोळी, एक हजार बासष्ट. दुसरी, एक हजार अडुसष्ट. तिसरी, एक हजार एकोणसाठ. आकडे राजेश्रीबाईंनी वाचले. माझा चष्मा घरी राहिला होता.

तात्याराव म्हणाले, हवालदार, ही तर नवीसारखी हाय. राजेश्रीबाई म्हणाल्या, पाच-दहा फुटाचा फरक तर एका खोक्यातल्या गोळ्यांतबी असतो, काका. शांतपणे सांगितलं, हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं, मला चिडता आलं असतं.

विचारांती कारण सापडलं. ऊन. गोळ्यांचा डबा उन्हात तापला होता. बारूद तापला की गोळी जोरात सुटते, हे कुठल्याही फौजी माणसाला विचारा. म्हणजे उन्हानं वेग फुगवला आणि झीज झाकली. चोर थंडीत पकडू.

२४ ऑगस्ट

राजेश्रीबाईंनी माझी रायफल मागितली. पाचच गोळ्या मारते म्हणाल्या. दिली. कागद आणला तेव्हा पाचही एका रुपयाखाली झाकतील अशा. माझ्या हातात कागद दिला, माझं बोट धरून भोकांवरून फिरवलं.

झिजलेल्या बॅरलची त्यांना सवय असणार. क्लबच्या रायफली सगळ्या जुन्याच आहेत.

७ सप्टेंबर

महत्त्वाचा शोध! बुलकडे, म्हणजे मधल्या काळ्या गोलाकडे, सरळ बघितलं की बुल जागेवर नसतो. तिथे राखेसारखं काहीतरी, डाग म्हणा. पण बाजूला, कागदाच्या कोपऱ्याकडे बघितलं की बुल कडेनं हळूच दिसायला लागतो. म्हणजे जिथं मारायचं तिथं बघायचंच नाही. आजवर कुणाला सुचलं नसेल. नाव अजून ठरवायचं आहे.

तात्यारावांना सांगितलं नाही. तेही वेटरन गटात आहेत.

ही पद्धत घरातही चालते. बसम्माच्या कानाकडे बघितलं की ती दिसते.

१५ सप्टेंबर

रुद्राणीचा लातूरहून फोन. मुलगी आहे, काळजी करते. म्हणाली, आई सांगायलीय तुमी जिना उतरताना भिंत धरता. म्हटलं, भिंत चांगली बांधलीये का ते बघतो, सटवाजीनं बांधलीये. मग तिनं विचारलं, बाबा, माझा फोटो भिंतीवरचा, त्यात मी कोणत्या रंगाची साडी नेसलेय? मी म्हटलं, असली परीक्षा घ्यायला तू माझी मुलगी आहेस की उस्ताद? आणि बसम्माकडे फोन दिला.

निळी असावी.

२७ सप्टेंबर

उद्या स्पर्धा. बॅरलला तेल, साईट पुसली, गोळ्या घरात सावलीत ठेवल्या. बाजूला बघण्याची पद्धत पक्की बसलीये. ढालीची फळी बसम्माला पुसून घ्यायला सांगितली. तिनं पुसली.

२८ सप्टेंबर, दुपार, पिंगळी स्टेशन

सांगण्यासारखं फार नाही.

नेहमीप्रमाणे डबी खांद्यावर सरकवून लेटलो. श्वास सोडला. वीस गोळ्या, वेळेत, एकही घाई नाही. हात अजिबात थरथरला नाही. इतकं चांगलं मी वर्षानुवर्षं लेटलो नव्हतो, असं वाटलं.

माझा कागद आणला तो कोरा. एकही भोक नाही. शेजारी तात्यारावांच्या कागदात त्यांच्या वीस आणि वर आणखी अकरा, माझ्या. उरलेल्या नऊ मातीच्या ढिगात गेल्या असतील.

पंचांनी माझ्या नावासमोर शून्य लिहिलं. मी सांगणार होतो की एका बाजूनं झिजलेली बॅरल गोळी दोन मीटर बाजूला टाकू शकते. तोंड उघडलं. पण मलाच ते ऐकावंसं वाटेना.

ढाल तात्यारावांना. ती घेतल्यावर ते माझी रायफल स्वतःच्या खांद्याला अडकवून स्टेशनपर्यंत आले. गाडीत माझ्याच डब्यात बसले. पिंगळीला मला हाताला धरून उतरवलं आणि गाडी सुटता सुटता परत चढले, त्यांना पूर्णेला जायचं होतं. मी म्हटलं, हात सोडा, मी काही म्हातारा नाही. ते म्हणाले, तुमी न्हाई ओ, मीच म्हातारा, मला आधार लागतोय.

कोरा कागद खिशात आहे. कोरा म्हणून टाकायला जीव होईना.

२ ऑक्टोबर, दसरा

शस्त्रपूजा. पाटावर रायफल, तिला गंध, झेंडूची माळ. बसम्मा ताट घेऊन बसली. मी म्हटलं, निरंजन का नाही लावलं? वात पुढे करून देतो म्हणून हात घातला.

लावलेलं होतं.

बोट भाजलं. बसम्मानं हात धरून पाण्यात घातला. ओरडली नाही, रागावली नाही. मग रडायला लागली. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, मी सीमेवर असताना रडली नाही, मुलगी सासरी जाताना मांडवात सगळे रडले तेव्हाही ही पंगत वाढायला लागली होती. आज देवघरात बसून रडली. म्हणाली, मी बी दिसत न्हाई का तुमाला आता? कानाकडं बघून बोलायलाव माझ्याशी. लय दिवस झालेत.

मला वाटायचं तिला कळत नाही.

वात बारीक होती, असं लिहायला घेतलं होतं. बारीक नव्हती.

७ ऑक्टोबर

रुद्राणी आली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. तपासायला फार वेळ लागला. थेंब घातले, यंत्रावर हनुवटी टेकवली, आतले फोटो काढले. शेवटी एक चौकटी-चौकटींचा कागद दिला आणि विचारलं, रेघा कशा दिसतात? म्हटलं, मध्ये वाकड्या, आणि अगदी मध्यभागी काहीच नाही. कधीपासून? मी म्हटलं, कागद वाकडाच छापला असेल. सवयीनं गेलं तोंडातून. रुद्राणीनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

डॉक्टरांनी सांगितलं ते असं. उजव्या डोळ्याच्या मागचा पडदा. त्याच्या मध्यभागी, जिथून आपण सरळ बघतो, तिथे खाली पाझर झाला होता. सुरुवातीला रेघा वाकतात. तेव्हाच आलात तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन बऱ्याचदा थांबवता येतं. आता तिथे वण धरलाय. कडेचं दिसेल, मधलं नाही. चष्मा नाही, ऑपरेशन नाही.

मी विचारलं, किती आधी यायला हवं होतं? डॉक्टर म्हणाले, पावसाळ्याच्या सुरुवातीला आला असता तर.

बसम्मा म्हणाली, डॉक्टरसाहेब, जुलैत दाखवलं की सोनपेठला, कॅम्पात. समदा तक्ता वाचला यांनी, मी ऐकलं, बारीक ओळ बी वाचली. तवा तर पास केलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी खिडकीकडे बघितलं, म्हणजे डॉक्टर दिसले.

माझं पाठांतर पहिल्यापासून चांगलं.

९ ऑक्टोबर

परवा डॉक्टरांकडून घरी येताना स्टेशनबाहेर रस्ता ओलांडायचा होता. बसम्मानं हात पुढे केला. मी धरला. पिंपळ वगैरे काही आठवायचं नाही असं ठरवलं होतं.

पलीकडे कुणीतरी समोर आलं. चेहरा राखेतच होता. मी बाजूला बघायच्या आत तो माणूस म्हणाला, हवालदार, मी तात्याराव. विचारलं नव्हतं. आपणहून सांगितलं. अशी माणसं अण्णांना मिळायला हवी होती.

२ नोव्हेंबर

डाव्याचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टर म्हणतात हा चांगला दिसेल. तात्याराव आनंदले, म्हणाले, या आता तुमी बी डोपिंगमधी. म्हणजे मी मागे क्लबात बोललो ते त्यांच्यापर्यंत पोचलं होतं तर.

१३ नोव्हेंबर

पट्टी निघाली.

देवघराची चौकट सरळ आहे. ओळंब्यासारखी. सटवाजीला निरोप पाठवलाय, चहाला ये म्हणून.

या डायरीच्या ओळी सरळ आहेत. मी मात्र जूनपासून त्यांच्यावर वाकडं लिहीत आलोय, एक ओळ दुसरीवर चढलेली, काही शब्द तर समासात. दुकानदाराकडे जायला हवं. काय म्हणायचं ते अजून सुचलं नाही.

फोटोतल्या रुद्राणीची साडी हिरवी आहे.

बसम्माचे केस पांढरे झालेत. कानशिलाशी नव्हे, सगळेच. डोळ्यांखाली काळं आलंय, गालाची हाडं वर आलीत. हे कधी झालं? विचारलं तर म्हणाली, मी तर रोज तुमच्या म्होरंच होते की.

१४ नोव्हेंबर, सकाळ

लिंग तळहातावर घेतलं. उजेडाचा ठिपका आहे. मोहरीएवढा, जिथे असायचा तिथेच. लेपाला कधी काही झालंच नव्हतं.

फार वेळ बघत बसलो. बसम्मा दोनदा डोकावून गेली, न्याहारी गार झाली तरी हाक मारली नाही.

२१ डिसेंबर

थंडी पडली. ऑगस्टमध्ये लिहून ठेवलं होतं चोर थंडीत पकडू, म्हणून रेंजवर गेलो. राजेश्रीबाईंनी यंत्र मांडलं, गोळ्या त्यांनीच मारल्या. यावेळी आकडे मी वाचले. एक हजार छप्पन्न, एक हजार साठ, एक हजार सत्तावन्न. थंडीनं पाच-सहा फूट गेले असतील. बॅरलनं काहीच घालवलेलं नाही. माझ्यानंतर पन्नास वर्षं चालेल.

रायफल क्लबकडे द्यायचं ठरवलं, कागद पुढच्या महिन्यात होतील. राजेश्रीबाई म्हणाल्या, काका, डाव्या डोळ्यानं शिका की, डाव्या खांद्याला लावून, मी शिकवते. तात्याराव म्हणाले, मंग पुढल्या साली ढालीला मजा येईल.

बसम्मा आज बरोबर आली होती, शाल गुंडाळून मागे बाकावर बसलेली. म्हणाली, बगा की एकदा, काय हुतंय.

लेटलो. रायफल डाव्या खांद्याला लावली. सगळं उलटं, पहिल्या दिवसाच्या रिक्रूटासारखं. गाल टेकवला. साईटमधून बुल दिसला, काळा, गोल, अगदी मध्ये. आणि सवयीनं डावाच मिटला.

बुल गेला. उघडला, आला. परत मिटला. चाळीस वर्षं एकच डोळा मिटत आलोय, उजवा एकटा मिटायचं मला येतच नाही. राजेश्रीबाई बाजूला बसून सांगत होत्या, काका, उजवा मिटा, उजवा. खूप प्रयत्न केला. दोन्ही मिटतात नाहीतर डावा.

मग लक्षात आलं, उजवा मिटायची आता गरज नाही.